बारा वाजता आटणारा समुद्र

समुद्र पाहायला समुद्र लागत नाही, प्रकाश लागतो.

हे वाक्य आमच्या शाळेचे चित्रकला शिक्षक आनंदराव यांनी उच्चारलं, तेव्हा ते स्टुलावर उभे राहून फळ्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या स्वागताचा मजकूर रंगवत होते. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. प्रकाशही नव्हता, भारनियमन सुरू होतं.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. वाटणीत बरंचसं जंगल आणि मोठाले तलाव गोंदियाकडे गेले. आमच्याकडे जुनं नाव आणि जुने रबरी शिक्के राहिले. समुद्रावरून भांडण झालं नाही, कारण तो अखंड जिल्ह्यातही नव्हता. आनंदरावांची त्याच्याशी ओळख झाली ती कॅलेंडरमुळे. कुठल्याशा औषध कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यातल्या फेब्रुवारी महिन्यावर कुणा फ्रेंच चित्रकाराचा समुद्रकिनारा छापलेला होता. महिना संपला, वर्ष संपलं, औषध कंपनीही बहुधा संपली. पण चित्रकलेच्या खोलीत अकरा वर्षं फेब्रुवारीच चालू होता.

मी मराठी शिकवतो. मोकळ्या तासाला त्यांच्या खोलीत जाऊन बसायची मला सवय होती, कारण स्टाफरूममध्ये पंखा नव्हता आणि मुख्याध्यापक होते. आनंदराव मला त्या चित्रासमोर नाक टेकेल इतकं जवळ उभं करायचे.

"काय दिसते?"

"ठिपके."

"कोणते?"

"जांभळट. पोपटी. हा गुलाबी. इथं थोडा पिवळा."

"अन् निळा?"

निळा औषधापुरताच होता.

"आता मागं सरक. अजून. अजून."

पाठ कपाटाला लागेपर्यंत मागं गेलं की समोर पाणी हलायला लागायचं. निळंशार पाणी, त्यावर उन्हाचे तुकडे, पार टोकाला केशरी शीड. मी दर वेळी 'वा' म्हणायचो आणि आनंदराव ते आपल्याच चित्राला म्हटल्यासारखे लाजायचे.

"आता हे फ्रान्सवाल्यांनी शोधलं म्हणतेत," ते म्हणायचे. "माहा बाप मोहाडीले मागावर हेच करत होता. ताणा निळा, बाणा केशरी. धूपछाव. जवळून पाहिलं तं दोन धागे, लांबून पाहिलं तं तिसराच रंग, अन् बाई चालली का तो रंग हलते. फरक इतकाच, का बापाच्या कामाले कोणी चौकट नाही केली. लुगडं म्हणून नेसले अन् धुतलं."

आनंदरावांनी एकतीस वर्षं मुलांना सफरचंद आणि तांब्या काढायला शिकवलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. अशा माणसाच्या हातात त्या नोव्हेंबरात परिपत्रक पडलं.

कलाशिक्षकांचं जिल्हास्तरीय चित्रप्रदर्शन. गट चार: वन, नदी व तलाव, गाव व बाजार, सागरी किनारा. परिपत्रक मुंबईत छापलेलं होतं, साऱ्या राज्याला एकच. प्रत्येक गटातलं पहिलं चित्र, चित्रकारासह, राज्यस्तरासाठी मुंबईला जाणार होतं. अट एकच, की चित्र त्या ठिकाणी बसून काढलेलं असावं आणि तसं प्रतिज्ञापत्र जोडावं.

"सागरी," आनंदराव म्हणाले.

"सर, त्या ठिकाणी बसून म्हटलंय."

"बसतो ना बावा. ठिकाण सापडलं."

जानेवारीतल्या रविवारी सकाळी त्यांनी मला लुनाच्या मागं बसवलं आणि नदीकाठच्या टोलीवर नेलं. पंचवीस-तीस घरं, नकाशात नाव नाही. शेवटचं घर टिकाराम आणि कौशल्याबाईचं. घरामागून नदीपर्यंत उतरत गेलेलं त्यांचं वावर. पावसाळ्यात त्यावर नदीचं पाणी चढायचं, म्हणून तिथं धान होत नसे. दिवाळीच्या सुमाराला पाणी उतरलं, की त्या ओलीवर कौशल्याबाई जवस टाकायची.

घराला वळसा घालून मागं आलो आणि मी थांबलो. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, जो माझा धंदा आहे.

जवस फुललं होतं. गुडघाभर उंचीवर निळ्या-जांभळ्या फुलांचा थर घरापासून नदीपर्यंत पसरलेला, आणि नदीवरून येणाऱ्या वाऱ्यानं त्यावर लाटा उठत होत्या. एक लाट धुऱ्यापाशी, वावराच्या बांधापाशी फुटायची, तोवर मागून दुसरी यायची. कडेला पांढरट वाळू. मधोमध कौशल्याबाई केशरी लुगड्यात वाकून गवत काढत होती.

"मोज आता, समुद्राचं काय कमी आहे," आनंदराव हळूच म्हणाले. "शीडसुद्धा आहे."

ते रोज सकाळी शाळेआधी आणि रविवारी पूर्ण वेळ तिथं बसू लागले. रविवारी मीही सोबत असायचो. पूर्ण वेळ म्हणजे बारापर्यंत. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत पाकळ्या गाळून टाकतं. साडेअकराला समुद्राला भोकं पडायची, बाराला नुसत्या हिरव्या काड्या उरायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा समुद्र. टिकाराम ओट्यावरून हाक मारायचा, "मास्तर, समुद्र आटला जी! या, चहा घ्या!"

टिकाराम हा थट्टेखोर आणि कौशल्याबाई कामाची. तिनं पहिल्या आठवड्यात आनंदरावांकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या आठवड्यात येऊन पाठीमागं उभी राहिली.

"सर, तुमी निळा टाकून राहिले."

"मग? निळंच आहे ना?"

"आता दहा वाजले म्हणून निळं. आठ वाजता दुधावानी रायते. नवाले जांभळं. तुमी नवाच्या उन्हात दहाचं फूल काढून राहिले."

आनंदरावांनी कुंचला खाली ठेवला.

"अन् हे झाडाखाली काळं कायले केलं?"

"सावली आहे."

"सावली काळी कुठं हाय? तिथं ऊन नाही पोचलं म्हणून फूल उमललं नाही. बोंडंच हायेत. हिरवी सावली हाय ते. पाहा ना."

आनंदरावांनी पाहिलं. सावली हिरवी होती. फ्रान्सात या गोष्टीसाठी माणसांनी आयुष्यं घालवली, लोकांचे जोडे खाल्ले. इथं ती गवत काढता काढता सांगितली गेली. तेव्हापासून ते प्रत्येक तासाचा रंग तिला विचारून लावू लागले. मला सांगताना मात्र म्हणायचे, "निरीक्षण वाढवलं मी."

एकदा चहा देताना तिनंच विषय काढला.

"सर, वावराचं चित्र चांगलं काढजा. पुढच्या सालापासून धरणाचं पाणी येणार हाय म्हणतेत. मंग दिवाळीलेही उतरणार नाही. आमच्याजवळ फोटो नाही वावराचा. माणसांचे फोटो काढते लोक, वावराचा कोण काढते?"

"तुमचंच वावर काढून राहिलो बाई," आनंदराव म्हणाले. "हुबेहूब."

मी तिथंच होतो. मी बशीत चहा ओतला.

चित्र झालं ते खरंच चांगलं झालं. हे मी मित्र म्हणून सांगत नाही. मित्र म्हणून काय सांगायचं ते पुढं येईलच. जवळून पाहिलं तर दूध, जांभूळ, पोपटी बोंडं, मधेच मातीचा तांबूस; मागं सरकलं की सकाळचे नऊ वाजायचे आणि पाणी हलायला लागायचं. त्यात दूरवर केशरी डाग. फक्त धुऱ्याचा खडक झाला होता आणि टिकारामचं घर वगळलं होतं.

नाव मी दिलं: 'सागरप्रभात'. खाली टिपणही मीच लिहून दिलं. 'खाऱ्या वाऱ्याचा स्पर्श रंगांतून जाणवतो', असं त्यात वाक्य होतं. प्रतिज्ञापत्रावर 'स्थळ' या शब्दापुढं आनंदरावांनी जरा वेळ पेन धरून ठेवलं आणि मग 'रत्नागिरी' लिहिलं. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. बरोबर होतं.

फेब्रुवारीत निकाल लागला. सागरी किनारा गट, प्रथम क्रमांक. मुख्याध्यापकांनी पेढे वाटले आणि फळ्यावर अभिनंदनाचा मजकूर लिहायला सांगितलं. तो आनंदरावांनीच लिहिला, कारण दुसरं कुणाचं अक्षर चांगलं नव्हतं. मुंबईचा कार्यक्रम मे महिन्यात होता. तोवर निवडलेली चित्रं जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी इमारतीत लोकांना पाहायला लावून ठेवली.

आता मोजणीवाल्यांचं सांगतो. धरणात जाणाऱ्या जमिनींची पाहणी करायला माणसं टोलीवर आली होती ती जानेवारीतच. सकाळी कार्यालयातून निघाली, वाटेत जेवली, टोलीवर पोचली दुपारी तीनला. तीन वाजता जवसाचं जे दिसतं ते त्यांना दिसलं: बारीक हिरव्या काड्या. त्यांनी कागदावर लिहिलं: 'पडीत. गवत.' त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. ज्या घटकेला जे दिसलं ते मांडायचं, याच तत्त्वावर आनंदरावांच्या कॅलेंडरातला फ्रेंच माणूसही काम करत होता. फक्त त्याच्या चित्रानं कुणाची जमीन जात नव्हती.

इथं जात होती. पिकाखालची जमीन बुडाली तर नव्या गावठाणाजवळ बदली जमीन मिळणार, पडीत बुडाली तर काही नाही, असं टोलीत सांगितलं जात होतं. कौशल्याबाईचं तेवढंच वावर होतं. मार्चमध्ये तिच्या हरकतीची सुनावणी लागली. तोवर पीक निघून गेलेलं. पोतंभर जवस घेऊन जावं तर ते बाजारातून आणलेलं नाही कशावरून? शेजाऱ्यांची साक्ष घ्यावी तर साऱ्यांच्याच जमिनी बुडणार, तेव्हा सारेच आपमतलबी. टोलीबाहेरचे, बिनहितसंबंधी आणि वर पगारी, असे दोनच साक्षीदार जगात होते. ते तिच्या वावरात बसून चहा प्यायले होते.

ती टिकारामला घेऊन शाळेत आली.

"सर, इतकंच सांगा, का जवस होतं. दुसरं काही नाही."

"सांगतो ना बाई," आनंदराव म्हणाले. "त्यात काय? होतंच."

माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् तुमीही या, मराठी सर. साहेब काय बोलते ते आमाले कळत नाही, अन् आमी काय बोलतो ते साहेबाले."

मी होकार दिला. आनंदरावांच्या आणि माझ्या मनात एकच गणित तयार होतं, ते आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. सुनावणी त्याच सरकारी इमारतीतल्या एका खोलीत होती आणि प्रदर्शन बाहेरच्या लांब व्हरांड्यात. खोलीत जवस म्हणायचं, व्हरांड्यात समुद्र राहू द्यायचा. मधे दार होतं.

पुनर्वसनाचे साहेब मूळचे कोकणातले निघाले. तीन वर्षांपासून बदलीची वाट पाहत होते आणि इथल्या उन्हाला वैतागले होते. माणूस सभ्य. त्यांनी कौशल्याबाईला बसायला खुर्ची दिली आणि आनंदरावांना विचारलं, "तुमचा या जमिनीशी संबंध काय?"

"काही नाही साहेब. मी शिक्षक आहे. जानेवारीत मी रोज तिथं बसत होतो. साऱ्या वावरात जवस होतं. फुलावर होतं."

साहेबांनी लिहायला पेन उचललं. कौशल्याबाईनं टिकारामकडे पाहिलं. इथपर्यंत सारं नीट चाललं होतं, आणि मी मनातल्या मनात कुठल्या बसनं परतायचं ते ठरवत होतो.

"रोज बसत होता? कशासाठी?"

"चित्र काढायला."

"अरे वा. मग ते चित्रच जोडा ना अर्जाला. उत्तम पुरावा. कुठं आहे चित्र?"

कौशल्याबाई उठली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला खाली पाहावं लागलं.

"साहेब, ते काय, बाहेर! तुमच्याच भिंतीवर टांगलं हाय! मी सकाळी आली तवाच पाहिलं. ह्यायले म्हटलं, पाहा, आपलं वावर सरकारनं काच लावून ठेवलं!"

साहेब हौशी होते. ते उठून बाहेर आले, त्यांच्यामागं आम्ही सारे. व्हरांड्याच्या टोकाला 'सागरप्रभात' टांगलेलं होतं आणि त्यावर नेमकं खिडकीतून ऊन पडलं होतं. साहेब दहा पावलांवर थबकले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हा तर समुद्र आहे," ते म्हणाले.

"नाही जी," कौशल्याबाई म्हणाली. "जवस हाय."

"'स्थळ: रत्नागिरी'," साहेबांनी खालची पट्टी वाचली.

"ते कोनं तरी चुकून लिहिलं असन. हे पाहा साहेब, हा धुरा. हे झाडाखालची हिरवी सावली, इथं फूल उशिरा उमलते. अन् हे..." तिनं काचेवर बोट ठेवलं, केशरी डागावर. "हे मी होय."

"ते शीड आहे बाई. होडीचं."

"माहं लुगडं हाय साहेब. माहेरचं. आमच्यात होडीले लुगडं नाही नेसवत." ती आनंदरावांकडे वळली. "सर, सांगा ना."

सगळ्यांनी आनंदरावांकडे पाहिलं. आनंदराव चित्राकडे पाहत होते. त्यांना त्या घटकेला नेमकं काय दिसत होतं ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच दिसत होतं: मे महिना, मुंबई, आणि अकरा वर्षांनी का होईना, पुढं सरकलेला फेब्रुवारी. जवस म्हटलं की प्रतिज्ञापत्र खोटं. प्रतिज्ञापत्र खोटं की बक्षीस गेलं, आणि निवृत्तीच्या तोंडावर चौकशी.

"हे चित्र वेगळं आहे," आनंदराव म्हणाले.

"म्हणजे?"

"हा समुद्र आहे साहेब. रत्नागिरीचा."

"बरं. मग त्या शेतात बसून जे काढलं ते कुठं आहे?"

"ते... झालं नाही."

"महिनाभर रोज बसलात आणि चित्र झालं नाही?"

"महिनाभर नाही. अधूनमधून."

"आणि रत्नागिरीला कधी गेलात?"

"जानेवारीतच."

"जानेवारीत तुम्ही रत्नागिरीलाही होतात आणि या शेतातही रोज होतात?"

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कडुलिंब होता.

"शेतात नव्हतो," आनंदराव म्हणाले. "माझा घोळ झाला साहेब. ते आधीच्या वर्षी."

व्हरांड्यात शिपाई कप गोळा करत होता. मग टिकाराम हसला. मोठ्यानं नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "लयच लवकर आटला जी आज. अजून बाराही नाही वाजले."

साहेबांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुम्हीही साक्षीदार आहात ना? तुम्ही काय पाहिलंत?"

मी म्हणालो, "माझा विषय मराठी आहे."

हे उत्तर मी तेव्हापासून अनेकदा तपासून पाहिलं. त्यात व्याकरणाची चूक नाही.

साहेब पुन्हा चित्राकडे वळले. आता त्यांच्या आवाजात सुनावणी राहिली नव्हती. "आमच्याकडे सकाळी नऊला अगदी अस्सं दिसतं," ते म्हणाले. "अगदी अस्सं. तीन वर्षं झाली बघून. हा प्रकाश समुद्राशिवाय येतच नाही कुठं." मग आनंदरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, आठवण करून दिलीत."

कौशल्याबाई हे ऐकत होती. ती रडली नाही, ओरडली नाही. चित्राच्या अगदी जवळ गेली, नाक टेकेल इतकी, आणि थोडा वेळ ठिपके पाहत राहिली. मग मागं सरकली.

"बरं," ती म्हणाली. "समुद्र तं समुद्र. मंग साहेब, तसंच लिवा. माह्या वावरात समुद्र होता म्हणून लिवा. गवत नका लिवू."

साहेबांनी खरंच कागद पाहिला. "बाई, तसा रकाना नाही," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी शिपायाला तिच्यासाठी चहा सांगितला. तिनं तो घेतला नाही. आमच्यासाठीही सांगितला होता. आम्ही घेतला.

निकाल आठ दिवसांत आला. 'हरकत अमान्य. साक्षीदारांच्या जबाबात विसंगती. पाहणीतील नोंद कायम.'

एप्रिलमध्ये मला कौशल्याबाई बाजाराच्या दिवशी भेटली. म्हणजे मी तिला आधी पाहिलं आणि कांद्यांच्या ढिगाआड गेलो, पण ढीग लहान होता.

"मराठी सर," ती म्हणाली, "ड्राइंग सराचं मी समजू शकते. त्यायले मुंबईले जायाचं होतं. तुमी कायले गप्प रायले? तुमाले तं कुठंच जायाचं नव्हतं."

मी म्हणालो, "बाई, माझा विषय..."

"मराठी हाय. माहीत हाय ना. म्हणून तं तुमाले नेलं होतं. जवस हा मराठीच शब्द हाय ना जी?"

तिनं कांदे घेतले, निवडून, आणि गेली.

आनंदराव मे महिन्यात मुंबईला गेले. तीन दिवसांनी परत आले आणि सुट्टीभर त्या विषयावर बोलले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून कपाटात टाकलं. मागं भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उरला.

"कसा होता?" मी विचारलं.

"भुरा."

"म्हणजे?"

"म्हणजे भुरा. गढूळ. पुराच्या नदीवानी. सकाळी पाहिला, दुपारी पाहिला. दिवसभर तसाच रायते, एकाच रंगाचा. हलते फक्त." ते कपाटाला कुलूप लावत होते, कुलूप लागत नव्हतं. "बाईचा चांगला होता."

"तिला सांगायचं का?"

"काय सांगायचं?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि ते सफरचंद काढायला गेले.

पुढच्या पावसाळ्यात टोलीच्या मागं पाणी चढलं आणि दिवाळीला उतरलं नाही. टिकाराम आणि कौशल्याबाईला नव्या गावठाणात घरापुरती जागा मिळाली. मागं वावर नाही. मागं दुसऱ्यांच्या घराची भिंत आहे. साहेबांची बदली झाली, कोकणात नाही, मराठवाड्यात. मुंबईहून परत आलेलं 'सागरप्रभात' त्यांनी आपल्या खोलीत लावून घेतलं होतं, ते तिथंच राहिलं. नवे साहेब सकाळचं ऊन लागतं म्हणून त्यासमोरची खिडकी बंद ठेवतात.

प्रदर्शनाची स्मरणिका निघायला वर्ष लागलं. मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली, कारण माझा विषय मराठी आहे. शेवटच्या पानावर तक्ता होता: कुठल्या गटात किती प्रवेशिका आल्या. वन गटात त्रेचाळीस. नदी व तलाव, एकतीस. गाव व बाजार, अठ्ठावीस.

सागरी किनारा गटात प्रवेशिका आली होती एक.